मायनस दोन पॉइंट एक

मावशीचा पहिला मुद्दा आकड्यावर होता आणि तो सहज खोडण्यासारखा नव्हता. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या अहवालात तिच्या खुब्याच्या हाडापुढे ‘टी-स्कोअर उणे २.१’ असे छापून आले होते. मावशी ६७ वर्षांची, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेली, राहायला पुण्यात. कागद हाती आला की खालच्या बारीक अक्षरांपासून वाचायला लागायचे, ही नोकरीतली खोड अजून गेलेली नाही.

“हा आकडा कोणाशी ताडून काढतात ते इथंच लिहिलंय,” ती भाच्याला म्हणाली. “विशीतल्या निरोगी बाईशी. अरे, या वयात माझे केस घे, दात घे, गुडघे घे, आणि विशीतल्या पोरीशी ताडून बघ. मी आजारीच निघणार. मग एकट्या हाडांनाच औषध कशाला?”

भाचा मिरजेत हाडांचा डॉक्टर. शंभराहून अधिक वर्षे दवाखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात सांगली-कोल्हापूरकडचे आणि सीमेपलीकडचे कानडी मुलखातले रुग्ण येतात. खुबा मोडलेले म्हातारे माणूस टेबलावर आले नाही असा त्याचा आठवडा जात नाही. रोज मोडलेलीच हाडे बघणाऱ्याला धड हाडसुद्धा संशयित वाटते, असा मावशीचा त्याच्यावर आरोप. मावशी कागद वाचते, माणूस वाचत नाही, असा त्याचा तिच्यावर. वाद पुण्यात जेवणाच्या टेबलावर सुरू झाला आणि पुढे फोनवर बरेच दिवस चालला.

आकड्याबद्दल भाच्याने पहिल्याच फटक्यात हार मानली. “रेष माणसांनीच ओढलीय, मावशी. निसर्गात ती कुठं नाही.”

ती रेष जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ साली ओढली. टी-स्कोअर उणे १ च्या वर असेल तर हाड ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. देशोदेशी किती स्त्रियांची हाडे विरळ झाली आहेत याची मोजदाद करायला ही वर्गवारी सोयीची होती. समोर बसलेल्या एका बाईला गोळी द्यायची की नाही, हा प्रश्न तिने सुटावा अशी अपेक्षा मुळात नव्हती. पण छापील अहवालावर उणे दिसले की डॉक्टरचा हात चिठ्ठीकडे जातो आणि रुग्णाची झोप उडते.

मावशीने पुढचा इतिहासही वाचून ठेवला होता. मर्क या अमेरिकी कंपनीच्या अ‍ॅलेन्ड्रोनेटला, म्हणजे ‘फोसामॅक्स’ला, तिथे १९९५ साली मंजुरी मिळाली. त्याच सुमारास कंपनीने ‘बोन मेझरमेंट इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था उभी केली आणि हाडांची घनता मोजणारी लहान, स्वस्त यंत्रे डॉक्टरांच्या खोल्यांपर्यंत पोचतील अशी तजवीज केली. “कर्ज खपवायचं असलं की आधी गरज दाखवावी लागते. आम्हीही तेच करायचो,” मावशी म्हणाली. शिवाय यंत्रातली तुलनेची ‘विशीतली बाई’ बहुधा गोरी अमेरिकन असते. भारतीय बायकांची हाडे मुळातच आकाराने लहान, त्यामुळे इथे उणे आकडा जरा लवकर उमटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० साली भारतीय स्त्री-पुरुषांच्या हाडांची स्वतंत्र प्रमाणके प्रसिद्ध केली, तरी यंत्रात कोणती भरली आहेत हे विचारणारा रुग्ण विरळा. मावशीने विचारले होते. तंत्रज्ञाला सांगता आले नाही.

“सगळं मान्य,” भाचा म्हणाला. “आता तो कागद पालथा घाल आणि मला सांग, मनगट कसं मोडलं होतं?”

मनगट सात महिन्यांपूर्वी मोडले होते. सोसायटीच्या जिन्यात शेवटच्या पायरीचा अंदाज चुकला, मावशी हातावर पडली. प्लास्टर झाले, निघाले, बोटांचे व्यायाम झाले. ज्या दवाखान्यात ते झाले तिथे कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. हाड का मोडले, हा प्रश्न कोणी काढला नाही. “का म्हणजे? पडले म्हणून मोडलं,” मावशीचे उत्तर तयार होते. “त्या पायरीवर तू पडला असतास तर तुझंही मोडलं असतं.”

“माझं मुरगळलं असतं.”

भाच्याचा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा होता. माणूस उभ्या उंचीवरून, स्वतःच्याच वजनाने पडला तर धड हाडाने ते सोसायला हवे. मोटारसायकलवरून उडून मोडणे वेगळे, गच्चीवरून पडून मोडणे वेगळे. उभ्या-उभ्या पडून मनगट, मणका किंवा खुबा मोडला तर मोडण्याचे कारण पायरीत कमी आणि हाडात जास्त शोधायचे असते. मनगटाच्या या फ्रॅक्चरला ज्याचे नाव आहे त्या डब्लिनच्या अब्राहम कॉलेसने त्याचे वर्णन १८१४ साली केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ८१ वर्षे अवकाश होता. त्याने ते हातात दिसणाऱ्या बाकावरून आणि बोटांनी चाचपून ओळखले. आज यंत्रे भरपूर आहेत, पण प्लास्टर सुटले की विषय संपला असे दोन्ही बाजूंना वाटते, आणि एकदा असे हाड मोडलेल्या माणसाला पुढचे मोडण्याचा धोका साधारण दुप्पट झालेला असतो.

त्यानंतर भाच्याने विचारलेला प्रश्न मावशीला फिजूल वाटला. उंची किती? नोकरीला लागताना झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर १५७ सेंटीमीटर होती. (असले कागद मावशीच्या घरी सापडतात.) भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पुस्तक ठेवून मोजली तर १५२ भरली. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटरहून अधिक उंची गेली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढावा, असा साधा ठोकताळा आहे. त्याला यंत्र लागत नाही, मोजपट्टी पुरते.

“मागं दोन वर्षांपूर्वी पाठीत काही झालं होतं का?”

“काही नाही. गाद्या उचलताना उसण भरली होती. तीन आठवडे शेकलं, तेल लावलं, गेली.”

एक्स-रे बाजूने काढला तेव्हा ती उसण दिसली. छातीच्या कण्याचा शेवटचा, बारावा मणका पुढच्या अंगाने पाचरीसारखा दबला होता. मणके असेच मोडतात. आवाज होत नाही, पडावेही लागत नाही. वाकून बादली उचलली, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून खड्ड्यातून गेले, एवढे कारण पुरते. मणक्याच्या अशा दोनतृतीयांश फ्रॅक्चरची कुठे नोंदच होत नाही, कारण त्यांना कोणी उसण म्हणते, कोणी वात, कोणी ‘मणक्यात गॅप’.

इथे आकड्याचा वाद एका अर्थी मिटला, आणि गंमत म्हणजे दोघांच्याही बाजूने. किरकोळ कारणाने मणका मोडला असेल तर टी-स्कोअर काहीही असो, निदान ऑस्टिओपोरोसिसचेच. मावशीचा आकडा अजून ऑस्टिओपेनियाच्या हद्दीत होता. तिचे हाड ती हद्द ओलांडून गेले होते. तिच्या कमरेच्या मणक्यांचा स्कोअर तर खुब्यापेक्षा चांगला, उणे १.४ आला होता. वयानुसार मणक्यांच्या कडांना हाडाची टोके वाढतात आणि यंत्र त्यांनाही घनतेत धरते. निव्वळ आकड्यावर विसंबू नका असे मावशी सुरुवातीपासून म्हणत होती. ते खरे ठरले, पण तिला हवे होते त्याच्या उलट दिशेने.

मावशीने मग आईला साक्षीला काढले. “तुझ्या आजीनं जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी भरलं, आठ बाळंतपणं काढली. कॅल्शियमची गोळी जन्मात खाल्ली नाही. ८६ वर्षं जगली.”

“आणि शेवटची दहा वर्षं जमिनीकडं बघत चालायची,” भाचा म्हणाला. “तुम्ही म्हणायचा, आई कमरेत वाकली. एक्स-रे कोणी काढला होता?”

प्रत्येक वाकलेल्या कण्यामागे मोडके मणके असतातच असे नाही. स्नायू सैल पडतात, मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, त्यानेही पाठ वाकते. पण आपल्या गावागावांतून पाराशी काठी टेकत चालणाऱ्या वाकलेल्या म्हाताऱ्यांना आपण वयाचे चित्र म्हणून इतके सरावलो आहोत की त्यात आजार असू शकतो हे मनातही येत नाही. आजीच्या जात्याबद्दल मात्र मावशी चुकली नव्हती. ते जाते, ते पाणी नसते तर आजी कदाचित वाकायला ७६ पर्यंत थांबली नसती.

कारण हाड स्थिर नसते. शरीरात दोन प्रकारच्या पेशी कायम कामावर असतात. ऑस्टिओक्लास्ट जुने हाड खणतात, ऑस्टिओब्लास्ट नवे भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा दर वर्षी नव्याने घडतो. पुणेकरांना हे समजावणे सोपे: रस्ता खणणारी टोळी दोन-तीन आठवड्यांत काम उरकते, बुजवणारीला तीन-चार महिने लागतात, आणि खणणाऱ्यांना आवरणारा मुकादम निघून गेला की खड्डे उरतात. बायकांच्या शरीरात हा मुकादम म्हणजे इस्ट्रोजेन. पाळी जाते, इस्ट्रोजेन ओसरते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडाचा मोठा वाटा, काही जणींचा पाचवा हिस्सासुद्धा, निघून जातो. बॉस्टनच्या फुलर अल्ब्राइटने हा संबंध १९४० च्या सुमारास ओळखला. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांची ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे गळती चार वर्षे आधी सुरू होते. तिशीपर्यंत जेवढे हाड जमले तेवढ्यावरच पुढे भागवायचे असते, आणि ज्या मुलीचे दूध भावाच्या पेल्यात गेले तिची सुरुवातच तोट्याने होते.

“बरं, मग कॅल्शियम वाढवते,” मावशी म्हणाली. “नाचणी आहे, तीळ आहेत, शेवग्याचा पाला आहे. आणि ती व्हिटॅमिन डीची पुडी मी घेतेच, दर रविवारी.”

“किती दिवस?”

“तीन वर्षं झाली.”

भाच्याने कपाळाला हात लावला. साठ हजार युनिटची ती पुडी महाराष्ट्रात आता घरगुती औषध झाली आहे. डी खरोखर कमी असेल तर आठवड्याला एक अशी सुमारे आठ आठवडे घेतात, मग महिन्याला एक किंवा त्याहून कमी. वर्षानुवर्षे दर आठवड्याला घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण डॉक्टरांना दिसतात. उलट बाजूने, निरोगी माणसाने डी घेऊन हाडे मोडायची थांबतात का, हे अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर तपासले गेले. ‘व्हायटल’ नावाच्या त्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली आला: फरक पडला नाही. गोळ्या-पुड्यांवरचा भरवसा या घरात मावशीचा होता आणि औषध कंपन्यांवर संशयही तिचाच. भाच्याने ही विसंगती बोलून दाखवली नाही, हे त्याच्या संसारी शहाणपणाचे लक्षण.

मात्र डीची तपासणी त्याने अगदी पहिल्यांदा करायला लावली आणि त्याचे कारण भारतात विशेष महत्त्वाचे. डी फार कमी असेल तर हाडात खनिज नीट बसतच नाही, हाड मऊ राहते. त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. डेक्साचे यंत्र मऊ हाड आणि विरळ हाड यांत भेद करत नाही, दोन्हींना उणे आकडाच देते. अशा बाईला ऑस्टिओपोरोसिसचे जोरदार इंजेक्शन दिले तर रक्तातले कॅल्शियम घसरून हातापायाला वांब येऊ शकतात. तिला आधी डी आणि कॅल्शियमच हवे असते. म्हणून निदान झाल्याबरोबर औषध नसते. आधी रक्ताच्या तपासण्या: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, डी, थायरॉइड, गरज पडल्यास पॅराथायरॉइडचे हार्मोन. पाठ फार दुखत असेल आणि हिमोग्लोबिन उतरले असेल तर मायलोमा नावाच्या कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते. मावशीचे बाकी सगळे ठीक निघाले. डी मात्र गरजेपेक्षा बरेच वर होते. पुडी बंद झाली.

कोवळ्या उन्हाचा प्रश्नही याच ओघात निघाला. मावशी रोज सकाळी सातला गॅलरीत ऊन खात बसते. डी तयार करणारे अतिनील किरण त्या वेळी वातावरणातून जेमतेम पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे, म्हणजे दुपारचे, आणि काचेआडून तर तेही नाही.

जेवणाबाबत भाच्याने तिला पूर्ण गुण दिले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, मोठ्या पेलाभर दुधात अडीचशे, दोन चमचे तिळांत सव्वाशे. कोकणातल्या माणसाला सुकट आणि जवळा काट्यासकट खाल्ला की आणखी. पालकात आकडा मोठा दिसतो, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगी फार थोडे लागते. दोन भाकऱ्या, दूध, दही आणि तिळाची चटणी यांवर मावशीची बेरीज हजारापर्यंत गेली. उरलेल्यासाठी एक छोटी गोळी, तीही जेवणाबरोबर. प्रथिनांचे मात्र वांधे होते. रात्री खिचडी आणि ताक यापलीकडे ती जात नव्हती, आणि हाडाचे निम्म्याच्या आसपास आकारमान प्रथिनांच्या जाळीचे असते.

खरी खडाजंगी औषधावरून झाली. मावशीच्या ओळखीत एकीच्या जबड्याचे हाड सडले होते, असे तिने ऐकले होते. मांडीचे हाड मधोमध काडीसारखे मोडते, असेही वाचले होते. भाच्याने वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे नाव काढले, कारण आम्लपित्तामुळे तिला गोळी झेपली नसती. अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहाही नाही. पुण्यात चहाशिवाय अर्धा तास ही अट अनेकींना औषधापेक्षा जड जाते.

“त्या इंजेक्शननं मणका मोडायचा धोका ७० टक्क्यांनी कमी होतो, खुब्याचा ४१ टक्क्यांनी.”

“टक्केवारी मला नको शिकवूस. शंभर बायकांतल्या किती, ते सांग.”

हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावा असा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत साडेसात हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. तीन वर्षांत, इंजेक्शन न मिळालेल्या शंभर जणींपैकी सुमारे ११ जणींचे नवे मणके मोडले. मिळालेल्यांत तीनहून जराशा जास्त. खुबा अडीच जणींचा मोडला, तिकडे दीडपेक्षा कमी. म्हणजे खुब्यापुरते बोलायचे तर शंभर जणींनी तीन वर्षे इंजेक्शन घेतले तेव्हा एकीचा वाचला. मावशी म्हणाली, एवढ्यासाठी नव्याण्णव जणींनी टोचून घ्यायचे? भाचा म्हणाला, त्या एकीला माझ्या टेबलावर बघितलेलं नाहीस तू. खुबा मोडलेल्यांपैकी पहिल्या वर्षात साधारण पाचातले एक माणूस दगावते, असे पाश्चात्त्य देशांतले आकडे सांगतात. आणि उरलेल्यांतले पुष्कळ जण पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. शिवाय मणक्यांतला फरक शंभरात सात-आठ जणींचा आहे, आणि मावशीचा एक मणका आधीच गेलेला.

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तोच आकडा एका अंगाने लहान दिसतो, दुसऱ्या अंगाने मोठा; कुठल्या अंगाने बघायचे ते समोरच्या बाईचे पुढचे हाड मोडण्याची शक्यता किती, यावर ठरते. धोका कमी असेल तर फायदाही नगण्य होतो आणि दुष्परिणाम मात्र तेवढेच उरतात.

दुष्परिणामांचे काय? त्याच चाचणीत जबड्याचे हाड सडण्याच्या संभाव्य घटना दोन होत्या: एक औषधाच्या गटात, एक बिनऔषधाच्या. कर्करोगात हीच औषधे फार मोठ्या मात्रेत देतात, तिथे धोका खराच वाढतो. म्हणून दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यावेत. मांडीच्या हाडाची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती भाच्याने लपवली नाही. कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख स्त्रियांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अशी औषधे तीन वर्षे घेणाऱ्या दहा हजार गोऱ्या स्त्रियांमागे १४९ खुबे वाचले आणि मांडीची दोन हाडे त्या चमत्कारिक रीतीने मोडली. आशियाई वंशाच्या दहा हजारांमागे वाचले ९१, मोडली आठ. आपल्या बाजूला फायदा कमी आणि तोटा जास्त, पण तराजू अजून फायद्याकडेच. हा धोका वर्षांगणिक वाढतो आणि औषध थांबवले की भराभर उतरतो. त्यामुळे इंजेक्शन तीन वर्षांनी किंवा गोळी पाच वर्षांनी थांबवून फेरविचार करतात. जांघेत किंवा मांडीत ठणका लागला तर त्याआधीच एक्स-रे.

दर सहा महिन्यांनी टोचायच्या डेनोसुमॅब या औषधाला मात्र अशी सुट्टी चालत नाही. ते मध्येच सोडले तर हाड वेगाने विरघळते आणि एकापाठोपाठ मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. तारीख विसरणाऱ्याने ते सुरूच करू नये. टेरिपॅराटाइड रोज पोटावर टोचायचे, ते फार दबलेल्या मणक्यांसाठी राखून ठेवलेले. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांचा जमाना २००२ च्या अमेरिकी चाचणीनंतर ओसरला. पाळी नुकतीच गेलेल्या आणि त्रास होणाऱ्या काहींना त्या अजूनही देतात.

व्यायामावर आपण जिंकणार अशी मावशीची खात्री होती. ती रोज सूर्यनमस्कार घालते आणि पश्चिमोत्तानासनात तिचे कपाळ अजून गुडघ्याला लागते. भाच्याने नेमके तेच बंद करायला सांगितले. दबलेल्या मणक्यावर पुढे वाकण्याचा जोर थेट पुढच्या कडेवर येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ साली ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता: पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले, पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे. अभ्यास लहानसा, पण फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही. भुजंगासन बेताने चालेल, पश्चिमोत्तानासन नको. मावशी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी भाच्याने तिला वजने उचलायला सांगितली तेव्हा तिला तो थट्टा करतोय असे वाटले. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात हाडे विरळ झालेल्या शंभर-एक बायकांवर चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली जड बार उचलणे आणि उडी मारून उतरणे. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची सव्वा टक्क्याने उतरली. ताण पडला की हाड भरते, ताण गेला की झडते. अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का जाते ते यामुळेच. मणका मोडलेल्या मावशीला उड्या वर्ज्य. पण भिंतीला टेकून उठबस, हातात दोन किलोचे डंबेल, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, एका पायावर उभे राहणे, हे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली सुरू झाले. नुसते चालणे हृदयाला चांगले, हाडाला अपुरे. हे ऐकून बागेत रोज पाच फेऱ्या मारणाऱ्या तिच्या मैत्रिणी नाराज झाल्या, असे कळते.

पडणेच टाळावे, यावर दोघांचे पहिल्यापासून एकमत होते, म्हणून तो विषय लवकर आटपला. मोरीत आणि संडासात धरायला दांडी. दाराशी सरकणारे पायपुसणे काढले. रात्री उठायच्या वाटेवर दिवा. मोतीबिंदू तपासून घेतला. झोपेची गोळी मात्र सहज सुटली नाही. पाच वर्षे चाललेली गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने थोडी थोडी कमी करावी लागते. ती चालू आहे तोवर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचे, एवढा तह झाला.

याच सुमारास धाकट्या मावशीचा फोन आला. वय ५३. त्यांच्या सोसायटीत मोफत शिबिर होते. टाच यंत्रात घालून हाडे तपासली आणि टी-स्कोअर उणे १.६ असा कागद दिला, खाली एका गोळीचे नाव. आता हिला काय म्हणतोस, असे थोरलीने विचारले तेव्हा भाचा म्हणाला, काही नाही. टाचेचे अल्ट्रासाउंड म्हणजे डेक्सा नव्हे, त्या आकड्याला १९९४ ची रेष लावताच येत नाही. एकही हाड मोडलेले नाही, आईचा खुबा मोडलेला नाही, स्टिरॉइड नाही, दारू-सिगरेट नाही. शेफिल्ड विद्यापीठाने २००८ साली काढलेल्या ‘फ्रॅक्स’ या गणितात ही माहिती, वय, वजन आणि उंची भरली की दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता निघते. भारतीय लोकांसाठीही त्याची आवृत्ती आहे आणि त्याला डेक्सा लागतोच असे नाही. तिची शक्यता फारच कमी आली. गोळी नको, दूध-नाचणी घे, वजने उचल, पाच वर्षांनी बघू.

“म्हणजे मी म्हणत होते तेच,” मावशी म्हणाली. “हा धंदा आहे.”

“तिच्यापुरता,” भाचा म्हणाला. पण तो पुढे जे बोलला त्याने मावशी बुचकळ्यात पडली. न्यूझीलंडमध्ये ऑस्टिओपेनिया असलेल्या, ६५ च्या पुढच्या २,००० स्त्रियांना दर दीड वर्षाने तेच इंजेक्शन दिले, आणि सहा वर्षांत हाडे मोडण्याचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक घटले. तो अभ्यास २०१८ चा. मोडणाऱ्या एकूण हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडे उणे २.५ च्या वरच्याच स्त्रियांची असतात, कारण त्यांची संख्या मोठी असते. तेव्हा ऑस्टिओपेनिया हा निव्वळ कंपनीने काढलेला आजार, हेही पूर्ण खरे नाही. ६७ व्या वर्षी त्याला एक अर्थ असतो, ५३ व्या वर्षी दुसरा. मावशीला हे पटले नाही. अजूनही पटलेले नाही.

इंजेक्शन तिने घेतले ते स्वतःच्या अटींवर. आधी दंतवैद्याकडे जाऊन हलणारी दाढ काढली आणि जखम भरू दिली. क्रिएटिनिन पुन्हा तपासले. पहिल्या खेपेला साधारण तिघींतल्या एकीला ताप आणि अंगदुखी होते असे भाच्याने सांगून ठेवले होते. तिला झाली, पॅरासिटामॉलवर दोन दिवसांत उतरली. तीन वर्षांनी मी थांबवणार आणि मग तू मला समजावायचं, हे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतले.

आणि मग, सगळे ठरल्यावर, तिने काकांचा, म्हणजे आपल्या नवऱ्याचा, विषय काढला. काका ७४ वर्षांचे. संधिवातासाठी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची साडेसात मिलीग्रॅमची गोळी नऊ वर्षे चालू. पाच मिलीग्रॅम तीन महिने घेतली तरी हाडाचा विचार करावा लागतो, आणि पहिल्या सहा महिन्यांतच घनता सर्वांत वेगाने उतरते. ही तपासणी बायकांची, असे समजून त्यांना कोणी डेक्सासाठी पाठवले नव्हते. जगात खुबा मोडणाऱ्या दर तिघांत साधारण एक पुरुष असतो, आणि त्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त.

“त्यांच्या पँटी गेल्या दिवाळीला दोन बोटं आखूड करून घेतल्या,” मावशी म्हणाली. “मला वाटलं, शिंप्यानं आधी लांब शिवल्या होत्या.”

भाच्याने विचारले, त्यांच्याही नोकरीचा वैद्यकीय तपासणीचा कागद जपून ठेवलाय का? मावशीने फाईल काढली. उंची १७१ लिहिली होती. काका पेपर वाचत होते. त्यांना भिंतीशी उभे करायला तिने मोजपट्टी आणि ‘मनोरमा इयर बुक’ची जुनी प्रत आणली, आणि ते का म्हणून विचारत असतानाच त्यांच्या डोक्यावर ती ठेवली. १६५ भरली. गोळी आजपासून बंद करतो, असे काका लगेच म्हणाले. भाच्याने फोनवरच ओरडून अडवले: इतकी वर्षे घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद केले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरला विचारूनच ती कमी होईल. एक्स-रे आणि डेक्साची वेळ गुरुवारची मिळाली.